तबकडी, प्रवाह आणि पाठनिर्णय

संगीत तबकडीवरून ऐकावे की स्ट्रीमिंगच्या प्रवाहातून, हा ध्वनिरसिकांमधील वाद सामान्यतः ध्वनीच्या शुद्धतेचा म्हणून मांडला जातो. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तो मुळात पाठनिर्णयाचा वाद आहे असे दिसून येईल.

शुद्धतेचा प्रश्न प्रथम निकालात काढू. १९८२ साली जपानात विक्रीस आलेली कॉम्पॅक्ट डिस्क सेकंदास ४४,१०० नमुने साठवी. आरंभीचे स्ट्रीमिंग यात पुष्कळ काटछाट करीत असे. तेव्हा रसिकांनी त्यास नाके मुरडली ती सकारणच होती. पण २०२१ पासून ॲपलची सेवाही सीडीच्या तोडीचा ध्वनी जादा आकाराशिवाय देऊ लागली, आणि हा आक्षेप बहुतांशी गळून पडला. वाद मात्र मिटला नाही. उलट २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइलच्या तबकड्या सीडींहून अधिक संख्येने खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कॅलिफोर्नियातील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या ज्या महागड्या तबकड्या निव्वळ ॲनालॉग म्हणून वाखाणल्या जात होत्या, त्यांतील अनेकांच्या निर्मितीत २०११ पासून एक डिजिटल टप्पा होता. कसलेल्या कानांनाही तो ओळखू आला नव्हता. रसिक संतापले ते कानास दोष जाणवला म्हणून नव्हे, तर प्रतीची वंशावळ खोटी निघाली म्हणून. हा संताप पोथ्यांच्या अभ्यासकास परका वाटू नये.

या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण माइल्स डेव्हिस याच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे होय. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे तिच्या पहिल्या बाजूचे मुद्रण झाले, तेव्हा मुख्य फीत-यंत्र किंचित मंद चालत होते. परिणामी योग्य गतीने वाजविल्यावर त्या बाजूच्या तिन्ही रचना वादकांनी वाजविल्या त्याहून थोड्या जलद व चढ्या स्वरात ऐकू येतात. हा फरक लहान असला, तरी वाद्य घेऊन तबकडीची साथ करू पाहणाऱ्यास तो अडेल इतका खचित आहे. सुदैवाने दुसऱ्या एका यंत्रावर राखीव फीत निघाली होती, व तिच्या आधारे १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती सिद्ध झाली. आता खरा पाठ कोणता? दुरुस्त आवृत्ती त्या दिवशी काय वाजले ते सांगते. १९५९ ची तबकडी मात्र पुढील तेहतीस वर्षे जगाने काय ऐकले ते सांगते. भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि नीलकंठी पाठ यांच्यामधील नाते येथे आठवावे. संपादकाने सिद्ध केलेला पाठ कितीही प्राचीन असो, शतकानुशतके लोकांनी वाचला तो दुसराच, आणि प्रभावाचा इतिहास लिहिताना त्या दुसऱ्यास डावलता येत नाही. स्ट्रीमिंगवर मात्र दुरुस्त पाठाशेजारीही सामान्यतः मूळ प्रकाशनाचेच वर्ष झळकते. संपादक झाला, पण संपादकाचे नाव नाही, असा हा प्रकार!

तबकडी आपली ओळख स्वतःबरोबर वागविते. मध्याजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे तिची पुष्पिकाच. आपल्याकडील आरंभीच्या तबकड्यांत तर ही पुष्पिका मुखानेच उच्चारलेली आढळते. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गायनाच्या अखेरीस ती इंग्रजीत आपले नाव सांगते. मूळ मुद्रणे जर्मनीतील हानोव्हर येथे छापण्यास जात, तेथील कामगारांस गायिका ओळखता यावी हा त्यातील हेतू सांगितला जातो. पुढे नव्या प्रतीतून कोणी हे शब्द ‘अनावश्यक’ म्हणून गाळले, तर गाणे शाबूत राहील, पण पुरावा जाईल. तसेच गतीचे. त्या काळच्या सर्वच तबकड्या काही नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. गायिकेची पट्टी कोणती, हे रूपांतर करणाऱ्याने निवडलेल्या गतीवर ठरते.

प्रवाहाचा याहून मोठा धोका असा की त्यातील पाठ प्रकाशनानंतरही बदलता येतो. कान्ये वेस्टच्या ‘द लाइफ ऑफ पाब्लो’मध्ये २०१६ साली प्रकाशनानंतर असे फेरफार झाले. छापून विकलेली तबकडी कोणास परत बोलाविता येत नाही.

तथापि तबकडीच्या कैवाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी मुद्रित झालेल्या ग्रामोफोन तबकड्या दीर्घकाळ मोजक्या ग्रंथालयांत बंदिस्त होत्या. त्यांतील आवाज आज विद्यार्थ्यास घरबसल्या ऐकता येतात ते प्रवाहामुळेच, आणि सूचिकारांनी तबकड्यांचे क्रमांक सोबत नोंदविले म्हणून त्यांचा आधार प्रबंधात घेता येतो.