हॉटेलातली पातळ भाजी आणि घरातला पाव

परगावी गेलेल्या गोंयकाराला कसली आठवण येते असं विचारलं तर दहातले नऊ जण मासळी म्हणतील. मी भाजी-पाव म्हणतो. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही बाजारातल्या साध्या हॉटेलात सकाळी मिळते ती पांढऱ्या वाटाण्याची पातळ भाजी. नाहीतर त्यातच सुकी बटाटा भाजी घातलेली 'मिक्स'. ती घरी तश्शी करायची ही माझी जुनी हौस. पण ही जोडी मुळात आमच्या घरातली नव्हेच.

तोणाक घरोघरी होतं की, असं तुम्ही म्हणाल. होतं, पण भाताबरोबर. पाव हिंदू घरात सरळ आला नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी भट्टीचा पाव आणला, साष्टीतल्या पोदेरांनी माडाची सूर घालून पीठ फुगवलं. म्हणजे आत सूर आणि भाजणारा ख्रिस्ती! विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्यात. त्यांतलं खरं किती, तो वाद बाजूला ठेवू. अन्नावरून धर्म पारखला जाई याला मात्र लेखी पुरावा आहे. १७३६च्या इन्क्विझिशनच्या हुकमात, भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालायची हिंदूंची रीत ख्रिस्त्यांना मना केली होती. भातातल्या मिठावरही जिथे पहारा, तिथे पाव नुसता पाव कसा राहणार? माझ्या आजीच्या घरी तो पडवीपर्यंतच येई, तोही कुणी तापाने पडलं तर चहात बुडवून द्यायला.

गंमत पाहा. याच भाजीतली मिरची आणि बटाटा पोर्तुगिजांच्याच गलबतांतून आले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. त्यांना कोणी अडवलं नाही. बटाटा तर उपासाला चालू लागला! मला वाटतं, मिरची-बटाटा कच्चे आले आणि आपल्या चुलीवर शिजले. पाव दुसऱ्याच्या भट्टीतून शिजून आला. सगळा सोवळ्याचा प्रश्न तेवढ्यात आहे.

१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. नोकरीधंद्यासाठी माणसं शहरात आली. हॉटेल ही त्यांना मधली जागा सापडली. तिथे भाजी आपल्या हातची, पाव पोदेराचा, आणि बघायला घरचं कोणी नाही. (१९५५नंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून येत. भाजी थोडी डचही होऊन गेली म्हणायची!)

आता घरी करायचं ते असं. वाटाणे रात्री भिजत घालून हळद टाकून मऊ शिजवा. खोबरं, कांदा, धणे, मिरी, दोन लवंगा आणि सुकी मिरची खरपूस भाजून बारीक वाटा. मोहरी-हिंग-कढीलिंबाच्या फोडणीवर कांदा, बटाट्याच्या फोडी, मग वाटाणे आणि वाटण. चवीला मीठ आणि गुळाचा खडा. इथवर ते घरचं तोणाकच. हॉटेलची चव येते ती पुढे. मूठभर वाटाणे ठेचून परत रसात सोडायचे आणि भाजी मंद आचेवर तासभर तशीच ठेवायची. हॉटेलातली भाजी पहाटेपासून चुलीवर असते, गिऱ्हाईक येईल तसं पाणी पडतं, पुन्हा आटतं. बटाट्याच्या कडा विरघळतात, रस दाट होतो. घरी आपण झाली की लगेच वाढतो, म्हणून ती पाणी आणि वाटाणे अशी वेगळी राहते. 'मिक्स' हवी असेल तर सुकी भाजी वाढतानाच घाला, आधी नको.

पाव मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका. सुरेची जागा यीस्टने घेतली, कित्येक भट्ट्या आता परराज्यांतून आलेले लोक चालवतात, काही बंदच पडल्या. तरी सकाळी सायकलचा भोंपू वाजला की मी पिशवी घेऊन बाहेर जातो. दोन उंडे, दोन कातरे. आमच्याकडे ते आता सरळ स्वयंपाकघरात जातात.