पाच दिवसांचं मलम आणि एका वर्षानंतरचं नाक

रिसर्च प्रपोजलमध्ये ‘कधी मोजणार?’ हा रकाना आपण बऱ्याचदा घाईत भरतो. तो किती महत्त्वाचा आहे, हे कळायला एका मलमाचा इतिहास बघा.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात काही त्रास न देता राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. पण वाहक जर नर्स किंवा डॉक्टर असेल, तर नाकातला जंतू हातावर आणि हातावरून पेशंटच्या जखमेत जाऊ शकतो. 1950 च्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस हॉस्पिटलांत पसरले आणि हा प्रश्न गंभीर झाला.

पुढे म्युपिरोसिन आलं. सूडोमोनास फ्लुओरेसेन्स या दुसऱ्याच जिवाणूपासून मिळालेलं हे औषध. आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल प्रथिनात जोडण्याची तयारीच ते अडवतं, त्यामुळे जंतूची वाढ थांबते.

अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी 68 वाहक आरोग्य कर्मचारी घेतले. काहींना म्युपिरोसिन, काहींना प्लासिबो. दिवसातून दोनदा, पाच दिवस, नाकात. 1991 साली निकाल छापून आला. तीन महिन्यांनी म्युपिरोसिनवाल्यांपैकी 71 टक्के जंतुमुक्त होते, प्लासिबोवाल्यांपैकी 18 टक्के. त्यांनी हातही तपासले होते, कारण जंतू पेशंटपर्यंत जातो तो हातावरून. उपचारानंतर 72 तासांनी हातावर जंतू सापडण्याचं प्रमाण 2.9 टक्के विरुद्ध 57.6 टक्के. जिंकलं ना मलम?

थांबा. 1994 साली वर्षभराचा फॉलो-अप आला. म्युपिरोसिन गटातले 53 टक्के पुन्हा वाहक होते. मग मलम फसलं? तसंही नाही, कारण प्लासिबो गटात तो आकडा 76 होता. म्हणजे सुरुवातीला सगळेच वाहक असताना, औषध न घेताही जवळपास चौथा हिस्सा वाहक राहिला नव्हता. कंट्रोल ग्रुप नसता, तर ही घटसुद्धा आपण मलमाच्याच खात्यात टाकली असती.

मग दर काही महिन्यांनी सगळ्या स्टाफला मलम लावायचं का? त्यालाही किंमत आहे. म्युपिरोसिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस 1987 मध्येच नोंदले गेले होते आणि वापर वाढला की त्यांचं फावतं.

आता तुम्ही एक करा. वरचे आकडे परत वाचा आणि प्रत्येकापुढे लिहा: काय मोजलं? नाक आणि हात. पेशंटचं इन्फेक्शन कमी झालं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो.