तंतुकणिकेतील आयनवहन

तंतुकणिकेतील आयनवहन म्हणजे सजीव पेशीतील तंतुकणिका या अंगकाच्या पटलांमधून प्रोटॉन, कॅल्शियम, पोटॅशियम, फॉस्फेट इत्यादी विद्युतभारित कणांची होणारी ये-जा होय. प्राणी व वनस्पतींच्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात तंतुकणिकेत तयार होते आणि ती निर्मिती या ये-जेवर अवलंबून असते. आतील पटल आयनांना गळू लागले, तर अन्न व ऑक्सिजन मुबलक असूनही पेशीची ऊर्जा आटते. पिकांच्या बाबतीत या विषयाचा संबंध संकरित बियाण्यांशी आणि त्या ओघात मंगळवेढा (जि. सोलापूर) परिसरातील मालदांडी ज्वारीशीही येतो.

पटलांची रचना व प्रोटॉनांचा पंप

तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरचे पटल चाळणीसारखे असून त्यातील छिद्रमय प्रथिनांतून लहान रेणू सहज जातात. आतील पटल मात्र घट्ट व घड्यांचे असते. ठरावीक वाहक प्रथिनांशिवाय विद्युतभारित कणांना त्यातून जवळजवळ वाट नसते. सारी यंत्रणा या घट्टपणावर उभी आहे.

अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन आतील पटलातील प्रथिनसंकुलांच्या साखळीतून अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. वाटेत मोकळी होणारी ऊर्जा वापरून पहिले, तिसरे व चौथे संकुल प्रोटॉन बाहेर ढकलते. परिणामी पटलाची आतली बाजू ऋणभारित होते व दोन्ही बाजूंमध्ये सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विभवांतर राहतो. आकडा किरकोळ वाटतो; पण पटलाची जाडी मीटरच्या अवघ्या पाच-सहा अब्जांश भागाएवढी असल्याने तेथील विद्युतक्षेत्र मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट भरते. बाहेर साठलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून आत परततात, तेव्हा त्याचा एक भाग पाणचक्कीसारखा प्रत्यक्ष फिरतो व एटीपी घडते.

ही कल्पना ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. त्या काळी संशोधक ऊर्जा साठवणाऱ्या एखाद्या मध्यस्थ रसायनाच्या शोधात होते. असे रसायन नसून ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंमधील फरकात असते, हे मत पचनी पडण्यास बराच काळ गेला. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एटीपी सिंथेजच्या कार्यपद्धतीसाठी पॉल बॉयर व जॉन वॉकर यांना १९९७ च्या पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

इतर आयन

फॉस्फेट प्रोटॉनासोबत आत येते, तर तयार एटीपी बाहेर जाताना त्याच्या बदल्यात एडीपी आत घेतले जाते. ही देवाणघेवाणही प्रोटॉनांच्या साठ्याच्या जोरावर चालते. आत शिरलेले पोटॅशियम प्रोटॉनाच्या मोबदल्यात बाहेर काढले जाते, अन्यथा तंतुकणिका पाणी शोषून फुगते. प्राण्यांत कॅल्शियम आत आल्यावर श्वसनातील काही विकरांचा वेग वाढतो. मात्र त्याचा अतिरेक पेशीच्या मृत्यूस कारणीभूत ठरू शकतो.

गळती

प्रोटॉनांची गळती नेहमीच घातक नसते. नवजात बालकाच्या तपकिरी मेदात ती मुद्दाम घडवली जाते आणि एटीपीऐवजी उष्णता मिळते. याउलट, १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावर आलेल्या करप्याने गळतीचे दुसरे टोक दाखवले. तेथील बहुतेक संकरित मका टेक्सास नावाच्या एकाच नरवंध्य वंशापासून तयार केलेला होता. तंतुकणिकेला स्वतःची थोडी जनुके असतात व पिकांत ती बहुधा मातृवनस्पतीकडूनच पुढे जातात, त्यामुळे या सर्व मक्याच्या तंतुकणिका एकसारख्या होत्या. त्यांच्या आतील पटलात एक आगळे प्रथिन होते. बुरशीचे विष त्याला चिकटले की पटलाला छिद्रे पडत, आयन गळत, तंतुकणिका फुगत आणि एटीपी बनणे थांबे. देशाचे मक्याचे सुमारे १५ टक्के पीक त्या वर्षी बुडाले.

ज्वारी व मालदांडी वंश

परागकण घडताना परागकोशातील पोषक थराला फार मोठी ऊर्जा लागते. मक्यात या थरातील पेशींमधील तंतुकणिकांची संख्या सुमारे चाळीसपट वाढल्याचे आढळले आहे. तंतुकणिका व केंद्रक यांचा मेळ बसला नाही, तर परागकण बनत नाहीत. संकरित बियाणे तयार करताना याच नरवंध्यत्वाचा उपयोग होतो. ज्वारीत स्टीफन्स व हॉलंड यांनी १९५४ मध्ये मिलो वंशातील नरवंध्यत्व वर्णिले आणि त्याच आधारावर १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातील पहिला ज्वारी संकर आला. पुढील संकरही बहुतांशी मिलो वंशावरच बेतलेले आहेत. मक्याचा अनुभव पाहता ही एकसुरी निवड निर्धास्त म्हणता येत नाही.

पर्यायी वंशांमध्ये मालदांडीचा समावेश होतो. तो ए४ या गटात मोडतो. गुंटूर व विझियानगरम हे वंशही त्याच गटातील आहेत. मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत तो रब्बीत, मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर पिकतो. ‘मंगळवेढा ज्वारी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडीच्या तंतुकणिका गळक्या असतात, असा याचा अर्थ नव्हे. शेतातील मालदांडी स्वतःच्या केंद्रकासह पूर्ण परागक्षम असते, म्हणूनच शेतकऱ्याला घरचे बी राखता येते. परके केंद्रक तिच्या पेशीद्रव्यात आणले की काही वाणांत नरवंध्यत्व प्रकटते. हे वंध्यत्व दूर करणारी जनुके असलेले वाण थोडे असल्याने संकर निर्मितीत या वंशाचा वापर मर्यादित राहिला आहे.