तळटीप १७ : कार्ताझ

१७. कार्ताझ : सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज अरबी समुद्रातील देशी जहाजांना देत असलेला सफरीचा परवाना. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, जाण्याचे बंदर, माल आणि शस्त्रे यांची नोंद असे. मिरीसारखा मक्तेदारीचा माल नेण्यास मनाई असे. परवान्याची फी किरकोळ. खरा भुर्दंड पडे तो वाटेत पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरण्याचा. कार्ताझ नसलेले जहाज मालासकट जप्त होई. जवळ असला म्हणून सुटका होईच असेही नाही : जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहीमी’ हे मोठे जहाज परवाना असूनही १६१३ मध्ये सुरतेजवळ पकडले गेले. आपणच निर्माण केलेल्या धोक्यापासून अभय विकण्याचा हा धंदा होता, एवढे म्हटले तरी पुरे. पुढे कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी कोकण किनाऱ्यावर तोच हक्क सांगून स्वतःची दस्तके देण्यास सुरुवात केली. मुंबईकर इंग्रजांनी ती नाकारली आणि आंग्र्यांना चाचे ठरविले. वरील उताऱ्यातील ‘दस्तक’ ते हेच. बंगालमधील कंपनीच्या जकातमाफीचे दस्तक निराळे.