आख्यायिकांची छाननी (कोशलेखन) : वि. का. राजवाडे यांच्या निमित्ताने

एखाद्या व्यक्तीविषयी तोंडोतोंडी चालत आलेली, किंवा एका लेखातून दुसऱ्याने उचललेली, लहानशी चटकदार माहिती कोशात घ्यावी की नाही हे ठरवण्याचे काम. छापील चरित्रकोशांत हे काम संपादकाच्या टेबलावर व्हायचे. काय गाळले आणि का गाळले, हे वाचकाला कळत नसे. विकिपीडियासारख्या ऑनलाइन ज्ञानकोशात ते चव्हाट्यावर होते. हरकत, खुलासा, दुरुस्ती, पुन्हा हरकत, सगळे कोणालाही वाचता येते.

इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर २००४ पासून ‘डिड यू नो’ हे सदर चालते. नव्या किंवा नव्याने वाढवलेल्या लेखातील एक नवलाची बाब त्यात एका प्रश्नार्थक वाक्यात मांडतात. या वाक्याला तेथे ‘हुक’ म्हणतात, म्हणजे वाचकाला लेखाकडे ओढणारा गळ. गळ २०० अक्षरांत बसला पाहिजे, लेखाचा मजकूर किमान १,५०० अक्षरांचा हवा, आणि गळात जे म्हटले आहे ते लेखातही हवे, त्याच वाक्याला संदर्भ जोडून. जुना लेख वाढवून पुढे केला असेल, तर तो पाचपट झालेला असावा लागतो. नवखे सोडले, तर आपली नोंद पुढे करणाऱ्याला आधी दुसऱ्याची एक नोंद तपासून द्यावी लागते. हा नियम बरा आहे. दुसऱ्याच्या वाक्यातली फट शोधताना आपल्या वाक्यातली दिसू लागते.

इतिहासकारांच्या बाबतीत ही छाननी जास्त अवघड जाते आणि त्यात एक गंमतही आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांच्याइतक्या आख्यायिका मराठी इतिहासकारांत क्वचितच कोणाच्या असतील. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी काढले. त्यांपैकी १८९८ चा पहिला खंड पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहाराचा. बखरकारांनी ऐकीव गोष्टी कशा घुसडल्या, सनावळ्यांचा कसा घोळ केला, हे त्यांनी आपल्या प्रस्तावनांत उलगडून दाखवले आणि अस्सल कागदाला बखरीच्या वर बसवले. असा हा माणूस आज सामान्य वाचकाला ठाऊक आहे तो मात्र बखरीच्याच वळणाने : दप्तरांसाठी गावोगाव पायपीट, हाताने रांधून खाणे, जमदग्नीचा अवतार, न पटणाऱ्या माणसाकडे फिरवलेली पाठ. यातले बरेच खरे असेलही. पण ‘असेलही’ हा शब्द कोशात चालत नाही.

जन्मतारखेपासूनच सुरुवात करावी. दिनविशेषांच्या याद्यांत राजवाड्यांचा जन्म कधी २४ जूनला तर कधी १२ जुलैला सापडतो. वर्षही कोठे १८६३, कोठे १८६४. घाईत असलेला तपासनीस यातली एक तारीख निवडतो आणि दुसरी खोडतो. पंचांग उघडणाऱ्याला वेगळे काही दिसते. २४ जून १८६३ ते १२ जुलै १८६४ हे अंतर ३८४ दिवसांचे, म्हणजे नेमके तेरा चांद्रमास. मध्ये अधिक महिना येऊन गेलेला असल्याने दोन्ही दिवस आषाढ शुद्ध पक्षातल्या जवळपास त्याच तिथीला पडतात. तेव्हा या दोन परस्परविरोधी तारखा नसून एकाच तिथीची, शक एकाने पुढेमागे धरून केलेली दोन रूपांतरे असावीत. ‘१२ जुलै १८६३’ ही तिसरी जोडी मात्र दोहोंची खिचडी दिसते. त्या दिवशी वद्य पक्ष सरत आला होता. मराठी चरित्रनायकांच्या जन्मतारखांमध्ये हा घोटाळा नेहमीचा आहे, कारण घरात टिपलेली असते ती तिथी, आणि इंग्रजी तारीख नंतर कोणीतरी बसवलेली असते. अशा तारखेवर नवलाचे वाक्य उभे करू नये. अमुक थोर पुरुष आणि राजवाडे एकाच दिवशी जन्मले, असली वाक्ये तर पहिल्या वाचनातच परत पाठवावीत.

दुसरा नमुना भाषेचा. ‘राजवाड्यांनी आयुष्यात इंग्रजीचे एक अक्षर लिहिले नाही’ हे वाक्य लेखांत, भाषणांत वारंवार येते. ते बी.ए. झाले होते; त्या काळी ती परीक्षा इंग्रजीवाचून कशी दिली असेल? संशोधन मराठीतूनच मांडायचे हा त्यांचा निर्धार खरा, आणि तो पुरेसा नवलाचा आहे, कारण इंग्रजीत लिहिले असते तर त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर लवकर पोचले असते. ‘एक अक्षर’ काढून ‘संशोधनपर लेखन’ घातले की वाक्य उभे राहते. चुटक्यातला खोटेपणा बहुधा अशाच एखाद्या शब्दात असतो. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘कधीही नाही’, ‘आजन्म’ या शब्दांना मुरलेले तपासनीस हटकतात. ‘एकमेव’ सिद्ध करायचे तर उरलेले सगळे तपासावे लागतात, आणि ते कोणीच तपासलेले नसतात.

संस्थांच्या बाबतीत काम सोपे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झाले. राजवाड्यांबरोबर सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे होते. ‘राजवाड्यांनी एकट्याने मंडळ काढले’ असे कोणी लिहिले, तर मेहेंदळ्यांचे नाव जोडायचे आणि पुढे जायचे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे नंतर उभे राहिले. ‘राजवाड्यांनी स्थापलेले राजवाडे मंडळ’ ही चूक यातूनच होते.

संदर्भ आहे एवढ्याने भागत नाही. तो कशाचा आहे हे पाहावे लागते. राजवाड्यांचे एक चरित्र साने गुरुजींनी लिहिले आहे. ते भक्तिभावाचे, तरुणांपुढे आदर्श ठेवणारे आहे. ग्रंथांची नावे व कालक्रम यांसाठी ते उपयोगी पडते. संवाद आणि प्रसंग उचलताना मात्र हात आखडता घ्यावा. याहून फसवा प्रकार चक्रसंदर्भाचा. ज्ञानकोशात कोणीतरी बिनआधाराचे वाक्य घालतो, वृत्तपत्राचा पुण्यतिथी-लेख तेथून ते उचलतो, आणि वर्षभराने तोच लेख ज्ञानकोशात त्या वाक्याचा पुरावा म्हणून जोडला जातो. वरवर सगळे नियमात बसते. उपाय एकच : वाक्य कोशात कोणत्या तारखेला आले आणि लेख कोणत्या तारखेला छापला, हे शेजारी ठेवून पाहणे. ऑनलाइन कोशात प्रत्येक बदलाची तारीख जतन होते, म्हणून हे जमते. छापील कोशात याला मार्गच नव्हता.

सर्वांत ओढ लावणारी आख्यायिका ज्ञानेश्वरीच्या पोथीची. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि ही प्रत एकनाथांच्या शुद्धीकरणाआधीची आहे असे प्रतिपादन केले. तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. त्या दाव्यावर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण मूळ पोथी आज पाहायला मिळत नाही. ती राजवाड्यांनीच संतापाच्या भरात नष्ट केली असे सांगतात. गळासाठी यासारखे वाक्य नाही, आणि म्हणूनच ते अडवावे लागते. संताप पाहिला कोणी, लिहिला कोणी, किती वर्षांनी? प्रत्यक्ष पाहणाऱ्याची, त्याच काळातली नोंद समोर येईपर्यंत हे वाक्य कोशाचे नव्हे. राजवाड्यांनी एखाद्या बखरीला हेच विचारले असते. पुरावा जेथे संपतो तेथवरचे वाक्य असे होते : ‘…की वि. का. राजवाडे यांनी ज्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली, ती पोथी आज उपलब्ध नाही?’ शंभर अक्षरांच्या आतबाहेरचे हे वाक्य मर्यादेत सहज बसते.