एकाच हाताचा ब्लाउज घट्ट होतोय? स्तनाच्या कर्करोगानंतरची हातसूज, कपडे आणि शेतकाम

नाशिक : स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो संपला, रेडिएशनचे शेकही पार पडले. बाई पुन्हा घरात-शेतात रुळली. मग कधीतरी नेहमीचा ब्लाउज एकाच हाताला घट्ट होऊ लागतो. बाहीच्या शिवणीचा वळ दंडावर उमटतो, बांगडी सरकत नाही, हात जड वाटतो. बऱ्याच घरांत ‘अंग भरलं’ म्हणून हे सोडून दिलं जातं. पण अंग भरलं तर दोन्ही हात भरतात. ऑपरेशनच्या बाजूचीच बाही घट्ट होणं ही लिम्फोडिमाची पहिली खूण असू शकते. ही सूज सुरुवातीला ओळखली तर आटोक्यात राहते. वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर हात कडक होतो आणि मग उपचार अवघड जातात.

हे होतं कशामुळे? हातातलं जादा पाणी, म्हणजे लसिका, काखेतल्या बारीक गाठींमधून गाळून परत रक्तात जातं. ऑपरेशनमध्ये या गाठी काढाव्या लागतात, रेडिएशननेही वाटा आखडतात. चारी बुजली की पाणी वाफ्यात तुंबतं, तसाच प्रकार. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या महिलांपैकी साधारण पाचात एकीला सूज येते. तपासणीपुरत्या पहिल्या एक-दोन गाठी काढल्या असतील तर साधारण वीसात एकीला. ती बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते, पण बऱ्याच वर्षांनीही येऊ शकते.

हा डासांमुळे होणारा हत्तीरोग नव्हे आणि तो कोणाला लागत नाही. त्या हातची भाकरी खायला काहीच हरकत नाही. मात्र सूज अचानक आली, भराभर वाढली किंवा फार दुखत असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावं. रक्ताची गुठळी झाली आहे का, आजार परतला आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

शिंप्याला काय सांगायचं

गावाकडच्या बायकांचा ब्लाउज मापाने शिवला जातो, ही इथे मोठी सोय आहे. तयार कपड्यात दोन्ही बाह्या सारख्याच येतात. टेलरकडे तसं बंधन नाही. दोन्ही हातांची मापं वेगवेगळी द्यावीत : दंड, कोपराच्या वर आणि बाहीची कड जिथे येते तिथे. संध्याकाळी सूज जास्त असते, म्हणून माप संध्याकाळी दिलेलं बरं. सुजलेल्या बाजूचा मुंढा सैल ठेवायला सांगावं आणि शिलाईत दोन बोटं माया सोडायला लावावी, म्हणजे पुढे उसवून बाही सैल करता येते. काखेत शिवण टोचत असेल तर तिथे चौकोनी जोडकापड घालता येतं.

इलॅस्टिकची फुगा बाही नको. पैठणीच्या ब्लाउजला बाहीवर जरीचा काठ असतो, तो कातडीला घासतो. आतून सुती अस्तर लावलं की लग्नातही तोच ब्लाउज घालता येतो. रोजच्यासाठी टू बाय टू रुबियासारखं सुती कापड चांगलं. हुक पुढेच असावेत. घालताना सुजलेला हात आधी बाहीत, काढताना शेवटी. ब्राचा बारीक पट्टा खांद्यात रुतत असेल तर रुंद पट्ट्याची घ्यावी. स्तन काढलेल्या बाजूला ब्लाउजला आतून कप्पा शिवून मऊ, हलकं पॅड ठेवता येतं. जड पॅडचा भार खांद्यावर येतो.

बांगड्यांचा प्रश्न

याबद्दल डॉक्टर फारसं बोलत नाहीत, बायका मात्र सगळ्यात जास्त याचीच काळजी करतात. रिकामा हात म्हटलं की हळदी-कुंकवात चार डोळे वळतात. नियम सोपा आहे : जी बांगडी हात खाली सोडल्यावर आपोआप घसरते आणि वळ उठवत नाही, तेवढीच त्या हातात ठेवावी. काचेच्या घट्ट बांगड्या कासाराकडून दाबून भरून घेऊ नयेत. कातडी सोलते आणि फुटलेली काच लागते. चुडा दुसऱ्या हातात पूर्ण भरावा. पाटली किंवा अंगठी निघेनाशी व्हायच्या आतच सोनाराकडून काढून घ्यावी.

दाबाची बाही

उपचाराचा कणा म्हणजे दाब. हात खूप सुजलेला असेल तर फिजिओथेरपिस्ट आधी काही दिवस थरांच्या पट्ट्या बांधून आणि हलक्या हाताने मसाज करून सूज उतरवतात, मग मापाची दाबाची बाही देतात. ती सकाळी उठल्यावर घालायची, झोपताना काढायची. रबरी हातमोजा घालून ओढली की सहज चढते. वरची कड दुमडू नये, तिथे दुप्पट दाब पडतो. दोन जोड असावेत, एक धुवायला, एक घालायला. साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. साधारण सहा महिन्यांत ताण कमी होतो आणि बाही बदलावी लागते. खर्च धरताना हे लक्षात ठेवावं. कातडी मऊ राहण्यासाठी खोबरेल तेल रात्री लावावं, कारण तेलाने बाहीचं इलॅस्टिक खराब होतं. मेडिकलमधली क्रेप पट्टी घरी आवळून बांधणं धोक्याचं. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. सुईने पाणी काढणं, डाग देणं तर मुळीच नको.

शेतात, चुलीपाशी

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची पद्धत आहेच. या आजारात तोच शर्ट सगळ्यात कामाचा : दाबाची बाही झाकली जाते, ऊन, काडी, काटा लागत नाही आणि कोणी विचारतही नाही. छाटणी, विरळणी, घड डिपिंग करताना हातमोजे घालावेत. कांदा कापताना विळा बरा हात चालत असेल तर त्या हातात. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटण्याऐवजी उलथनं घ्यावं. बारीक चीर पडली तरी लगेच साबण-पाण्याने धुऊन मलम लावावं.

‘आता त्या हाताने काहीच उचलू नको’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण तो जुना झाला. अमेरिकेत 141 महिलांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोनदा, बाही घालून, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट त्रास उफाळणं कमी झालं. म्हणजे पहिल्याच दिवशी भरलेला हंडा नको, पण लहान कळशीपासून सुरुवात करता येते. कामात अधूनमधून हात वर धरून मूठ उघड-मीट करावी. रक्तदाब आणि इंजेक्शनसाठी जमेल तेव्हा दुसरा हात द्यावा. अडचणीच्या वेळी त्यावरून उपचार अडवू नयेत.

माप आणि पट्ट्यांसाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात विचारावं. मुंबईच्या परळमधील टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार झालेल्यांनी फेरतपासणीच्या तारखेलाच हात दाखवून घ्यावा, वेगळी खेप पडत नाही. घरी महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपने दोन्ही हात एकाच जागी मोजून वहीत लिहून ठेवावेत. दोन सेंटीमीटरचा फरक वाढला तर थांबू नये.

आणि हात लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो. बाही काढून ठेवावी, मसाज करू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अँटिबायोटिक लवकर सुरू व्हावं लागतं. काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत, हे डॉक्टरांना आधी सांगावं.