थंड पाण्याचा मासा आणि सह्याद्रीचे डोह

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर मागे टाकून गुंजीच्या रानात शिरते, तेव्हा मार्गशीर्ष-पौषातील सकाळी खिडकीबाहेर धुक्याखेरीज फारसे काही दिसत नाही. हा सारा मुलूख पाण्याच्या वाटणीचा आहे. वायव्येस कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस जाते, तर भीमगडच्या अरण्यातील म्हादई गोव्यातून अरबी समुद्र गाठते. पावसाळ्यात येथील ओढे तांबूस पाण्याने फोफावलेले असतात. हिवाळ्यात मात्र ते आरशासारखे नितळ होतात आणि तळाचा गोटा न् गोटा मोजता येतो.

असाच नितळ, थंडगार ओढा इंग्रज साहेबांच्या मनात घर करून होता. विलायतेतील डोंगरी ओढ्यांत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो. पिसे आणि रेशीम बांधून केलेली खोटी माशी हलकेच पाण्यावर टाकावयाची आणि ती खरी समजून मासा झेपावला की गळ ओढावयाचा, हा तिकडचा मोठा छंद. हिवाळ्यात या खेळाची रीत पालटते. पाणी गारठले की मासा सुस्तावतो, वरच्या थरात येत नाही आणि संथ खोल जागी तळाशी पडून राहतो. दुपारी ऊन पडून पाणी किंचित तापते, तेवढाच वेळ काय तो शिकाऱ्याचा. ओढा उथळ आणि स्वच्छ झालेला असल्याने माणसाची सावली पडली तरी मासा दडी मारतो.

हिंदुस्थानात आलेल्या साहेबाला येथे सारे काही मिळाले, पण हा मासा मिळाला नाही. तेव्हा त्याने तो आणावयाचे ठरविले. डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये आणि पुन्हा १८६६ मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याची खटपट केली, ती फसली. काश्मीरसाठी पाठविलेली अंडी १८९९ मध्ये वाटेतच नासली. १९०० मध्ये आलेली खेप मात्र जगली आणि श्रीनगरजवळ हारवानला ट्राउटची पैदास सुरू झाली. निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी १९०७ पासून ॲव्हलांच येथे प्रयत्न करून इंद्रधनुषी ट्राउट रुजविला. कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये तसाच उद्योग झाला.

मग सह्याद्रीत हा मासा का आला नाही? त्याचे उत्तर पाण्याच्या उष्णतामानात आहे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. दहा अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो आणि वीस अंशांपुढे त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. निलगिरीचे ते ओढे सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहेत, तर कणकुंबी आठशे मीटरच्या आसपास. पौषातील पहाट कितीही झोंबरी असली, तरी चैत्र-वैशाखात येथील पाणी तापल्यावाचून राहत नाही. एका ऋतूच्या थंडीवर मासा वर्षभर जगत नाही.

परंतु सह्याद्रीचे पाणी काही रिकामे नव्हते. येथे महसीर होता. कित्येक ठिकाणी लोक त्याला खडस म्हणतात. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा कित्येक माशांची मराठी नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. 'नुक्ता' या नावातला आपला नकटा कोणालाही ओळखू येईल. 'खुद्री' हे महसिराचे नावही असेच देशी. तो नमुना पुण्याच्या मुळा-मुठेतला होता. आज सांडपाण्याने भरलेल्या त्या प्रवाहाकडे पाहिले, तर हे खरे वाटू नये. पुढे दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गळाला झुंज देण्याच्या बाबतीत महसिराला विलायती सामन माशाच्या वर बसविले.

या माशाची खरी कसोटी हिवाळ्यातच लागते. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि पाणी ओसरले की खोल डोहांत, कोकणी भाषेत कोंडांत, येऊन राहतो. ओढा आटत जातो तसतसे सारे मासे त्या मोजक्या डोहांत एकवटतात. गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून पाण्यात कालविण्याची पद्धत जुनीच. त्यात सुरुंगाची भर पडली. अशा एका स्फोटात वाढीची कित्येक वर्षे एका क्षणी संपतात.

येथे सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने पहारा केला. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे कोणी धरीत नाही. वैतरणेकाठी तिळसे येथे महादेवापाशी हाच नेम आहे. मात्र श्रद्धेचे कुंपण अभेद्य नसते. दक्षिण कानड्यातील शिशिल गावी देवस्थानाच्या डोहात १९९६ मध्ये कोणी विष कालविले आणि हजारो मासे मेले. गावकऱ्यांनी त्या माशांचे स्मारक उभारले.

विज्ञानानेही हात दिला. लोणावळ्यास वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाने खुद्री महसिराची कृत्रिम पैदास साधली. ते यश मोठेच होते. परंतु त्यातील पिले दूर कावेरीतही सोडण्यात आली. तेथे ती फोफावली आणि कावेरीचा मूळचा कुबडा महसीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत नोंदला गेला.

साहेबाने आपल्या देशीचा मासा परक्या पाण्यात सोडला, तो मनोरंजनासाठी. आपल्या लोकांनी आपला मासा आपल्याच दुसऱ्या नदीत सोडला, तो सद्‌हेतूने. दोहोंतही एक गोष्ट विसरली गेली, ती अशी की नदी आणि तिचा मासा यांचा संसार शेकडो पिढ्यांत जमलेला असतो. बाहेरून आणून ओतलेल्या पिलांपेक्षा ओढ्यातला एक राखलेला डोह अधिक मोलाचा असतो. गुंजीच्या रानातून आज वाहणारे पाणी पौषात जेथे थांबते, त्या जागा गावागावांतील लोकांना ठाऊक असतात. त्या चार महिने सांभाळल्या, तर पुढचे काम मृगाचा पाऊस करतो.